चेन पाडून दिलेली सायकल

माझ्या पोटच्या मुलीनं भर नाक्यावर, हवालदारासमोर, मला ओळखायला नकार दिला होता. आणि त्याला कारणही तसंच होतं. मी डोक्यावरून पदर घेऊन, डोळ्यांवर ह्यांचा काळा गॉगल चढवून, रिक्षातून तिचा पाठलाग करत होते. वय सदतीस. नोकरी कायम. डोकं तेवढं हंगामी.

हा मूर्खपणा मी नातवंडांना इतक्यांदा सांगितलाय की आता मी चुकले तर तीच दुरुस्त करतात. पण खरं म्हणजे ही गोष्ट माझी नाहीच. ती आमच्या घरमालकीणबाईंची आहे. त्या नसत्या तर माझी मुलगी सायकलवर बसली नसती, आणि मी त्या रिक्षात.

मुलुंड पूर्वेला, मिठागराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडे, त्यांचं एकमजली घर होतं. वर आम्ही तिघं भाडेकरू, म्हणजे हे, मी आणि मंजू. खाली त्या एकट्या. लग्न केलेलं नव्हतं. महापालिकेच्या शाळेत आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेल्या, म्हणून अख्खी गल्ली त्यांना नुसतं 'बाई' म्हणायची. उंच, वाळक्या, पाचवारी सुती पातळ आणि खाली पोरांचे असतात तसे कॅनव्हासचे पांढरे बूट. रविवारी ते खडूनं पांढरे करून पायरीवर वाळत ठेवायच्या. मूळच्या मालवणच्या. एरवी बोलणं फळ्यासमोरचं, पण संतापल्या की सरळ मालवणीत उतरायच्या.

त्यांच्या दाराची बेल माझ्या गुडघ्याच्या जरा वर होती. वायरमनचं चुकलं नव्हतं, त्यांनी उभं राहून तिथे बसवून घेतलेली. लहान पोराचा हात पोचला पाहिजे, मोठ्यांनी वाकावं. घर बघायला पहिल्यांदा गेले तेव्हा मी चौकटीवरून हात फिरवत बेल शोधत होते आणि बाई आतून जाळीतून शांतपणे बघत होत्या. बऱ्याच वेळानं आवाज आला, "खाली बघ."

त्या बेलचा खरा उपयोग मला पुढे कळला. वाकून भांडता येत नाही. बाई गल्लीतल्या पोरांना सायकली चालवायला द्यायच्या. मागच्या घरातला एक मुलगा त्यातल्या एकीवरून पडला आणि त्याचा हात मोडला, तेव्हा जाब विचारायला निघालेल्या बायकांची पुढारी मीच होते. ताडताड जिना उतरले, वाकले, बेल दाबली आणि कमरेत उसण भरली. दार उघडलं तेव्हा मी काटकोनात. "बाई, हे तुम्ही काय चालवलंय?" असं मी त्यांच्या बुटांना विचारलं.

बाईंनी आधी मला पाट दिला. मग त्या मुलाच्या आईचं सगळं ऐकून घेतलं. ती बरंच बोलली, नको तेही बोलली. तुम्हाला पोर नाही, तुम्हाला काय कळणार, इथपर्यंत. त्याला दवाखान्यात नेऊन, प्लास्टर होईपर्यंत बाईच तिथे बसल्या होत्या, पण ते त्यांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "सायकल माझी होती, तेव्हा दोष माझा धर. पण हात बरा झाला की त्याला यायचं असेल तर येऊ दे. तू आणून सोडू नकोस."

त्या वर्षी संक्रांतीला आम्ही एकही बाई तिळगूळ घेऊन खाली गेलो नाही. पोरं गेली. खिशातून लाडू नेले त्यांनी, चड्डीच्या खिशाला तीळ चिकटले होते. प्लास्टर निघाल्यावर तो मुलगाही गेला. आणि आम्ही बायका गॅलरीत उभ्या राहून बघत बसलो, कोण कोणाशी बोलत नाही ते.

बाईंकडे तीन सायकली होत्या. तिन्ही जुन्या, तिन्ही काळ्या. कोणत्याही पोरानं मागितली तर द्यायच्या, फक्त द्यायच्या आधी चेन पाडून द्यायच्या. पोरगं अंगणात फतकल मारून बसायचं, बोटं काळी करायचं, रडकुंडीला यायचं. बाई समोर उभ्या. मदत नाही.

"बाई, येत नाही हो."

"दिसतंय मला."

"तुम्ही लावून द्या ना."

"मी लावीन रे. मग मुलुंड चेकनाक्यापाशी पडली की हाक मारशील का मला? ऐकू येईल?"

चेन बसली की सायकल त्याची, अंधार पडेपर्यंत. परत आलं की बाई फाटकातच अडवायच्या. कुठे गेलास, काय केलंस, हे नाही विचारायच्या. विचारायच्या, "आज काय चुकलं?" आणि पोरं शाळेत गुण सांगावेत तशी आपल्या चुका सांगायची. मी रस्ता चुकले. मी म्हशीला घंटी वाजवली, ती हललीच नाही. मी भाजीवाल्याच्या टोपलीत शिरलो, मग त्याला वांगी गोळा करून दिली. एखादं म्हणालं की काहीच चुकलं नाही, तर बाईंचा चेहरा पडायचा. "मग घरीच का नाही बसलास?"

माझा बराच काळ समज होता की या बाईंना भीती म्हणून वाटतच नाही. पोटचं पोर नसलं की असंच होतं, असं मीही मनातल्या मनात म्हणून घेतलं होतं. मग एकदा सर्दीतापानं मी घरी होते आणि दुपारभर गॅलरीत पडून खाली बघत होते. सायकली बाहेर गेल्या होत्या. बाईंनी झाडू काढला आणि अंगण झाडलं. पायरीवर बसल्या, उठल्या, फाटकाबाहेर डोकावून आल्या, आणि झाडलेलं अंगण पुन्हा झाडायला घेतलं. मग तिसऱ्यांदा. शेवटी मीच वरून ओरडले, "बाई, कचरा तरी कुठंय?"

"आहे," त्या वर न बघता म्हणाल्या. "पोरं परत आली की संपतो."

त्या अंगणाची माती एवढी झिजली होती की फाटकापाशी खळगा पडला होता.

आता माझ्याबद्दल. मी वाकोल्याची. भरगच्च वस्तीत वाढलेली, चार घरं सोडून दळणाला एकटी गेले तरी घरात बातमी व्हायची. लग्न होऊन मुलुंडला आले, रुंद रस्ते, झाडं, मोकळी हवा, आणि त्या मोकळ्या हवेचीच मला धास्ती. मंजू सातवीत गेली तरी तिच्या बुटांची नाडी मी बांधायचे. डब्यातलं अंडं सोलून द्यायचे, कारण न जाणो, कवच घशात अडकलं तर? सकाळी तिला शाळेच्या फाटकात सोडून मग मी ऑफिसला पळायचे. आठवड्यातून दोनदा तरी हजेरीपुस्तकात माझ्या नावापुढे लाल रेघ. रस्त्यानं मी तिला सूचना द्यायचे. अनोळखी माणसाशी बोलू नकोस, ओळखीच्याशी जास्त बोलू नकोस, कडेनं चाल, फार कडेनं चालू नकोस, गटार आहे. शाळेचा रस्ता संपायचा, सूचना संपायच्या नाहीत.

तर अशा आईच्या मुलीच्या नखांत एके दिवशी काळं सापडलं. मी लिंबानं घासलं, निघेना.

"हे काय गं? शाई?"

"नाही."

"मग?"

"ग्रीस."

ती म्हणाली इतक्या थंडपणे की मला एकदम बाईंचाच आवाज ऐकू आला. दोन महिने, मी ऑफिसात असताना, ती खाली सायकल शिकत होती. पडून झालं होतं, उठून झालं होतं, गुडघ्याची खपलीसुद्धा धरून पडून गेली होती. आणि मी, रोज तिला न्हाऊ घालते असं सगळ्यांना सांगणारी आई, मला पत्ता नाही. आता तिला सायकलनं शाळेत जायचं होतं. एकटीनं.

हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "जाऊ दे की." ह्यांचं सगळं आयुष्य 'जाऊ दे की'वर निभावलं.

मी खाली गेले, वाकले, बेल दाबली. "बाई, तिला तुम्हीच सांगा, हे शक्य नाही म्हणून."

"तुला जायचंय का सायकलनं शाळेत?"

"मला? मी कशाला?"

"मग तू का आलीस? जिला जायचंय तिला पाठव."

मंजू गेली. बाईंनी अंगणात खडूनं शाळेचा रस्ता काढला. आमची गल्ली, देऊळ, बस वळते तो नाका, मिठागराकडचे ट्रक येतात तो रस्ता, शाळा. आणि त्या नकाशावर उभं करून तिची परीक्षा सुरू केली. समजा चेन पडली. समजा रस्ता खणलाय. समजा समोरून बस आली आणि बाजूला गाय उभी आहे. मंजू धडाधड उत्तरं देत होती. मी जिन्यावर बसले होते आणि मला राहवेना. "समजा भूकंप झाला तर?" मी विचारलं. "समजा कोणी मागे लागलं? समजा ब्रेकच लागला नाही? समजा चक्कर आली? समजा..."

बाईंनी खडू खाली ठेवला. "तुझे समजा संपले की सांग. दिवाळीनंतर बसू."

शेवटी ठरलं, सोमवारपासून. आदल्या संध्याकाळी बाईंनी मला खाली बोलावलं, तळहातावर साखर ठेवली आणि म्हणाल्या, "खा. आणि कबूल कर. तिच्या मागे जायचं नाही. काही झालं तरी नाही."

"नाही जाणार, बाई." मी साखर खाल्ली. ती विरघळेपर्यंत माझ्या मनात रिक्षाही ठरून झाली होती आणि रजाही.

एक सांगते, आजही फार काही बदललेलं नाही. तीच मंजू आता पन्नाशीला आली. तिचा मुलगा क्लासला गेला की ही मोबाइलवर त्याचा ठिपका बघत बसते. ठिपका सिग्नलला थांबला की हिचा श्वास थांबतो. मी शेजारी बसून विचारते, "गॉगल देऊ का गं?" मग ती माझ्याकडे अशी बघते!

तर सोमवार. मंजूनं दप्तर कॅरियरला बांधलं, मला 'टाटा' केलं आणि फाटकातून निघाली. बाई झाडू घेऊन उभ्या होत्या. मी ऑफिसला निघाल्यासारखी पर्स काखेत मारून चालू लागले, गल्लीच्या तोंडाशी वळले आणि तिथे उभी असलेली रिक्षा पकडली. पदर, गॉगल, सगळी तयारी.

"भैया, वो सायकलवाली लड़की है ना, उसके पीछे लो. पास नहीं जाने का. उसको मालूम नहीं पड़ना मंगता."

रिक्षावाल्यानं आरशात माझ्याकडे बघितलं. "आपकी कौन लगती है?"

आता साधं उत्तर होतं. माझी मुलगी आहे. पण मला वाटलं, हा उद्या गल्लीत सांगेल, बाईंना कळेल, साखर खाऊन फसवलं म्हणून त्या मला घराबाहेर काढतील. मी म्हणाले, "कोई नहीं!"

त्या दिवसांत पोरं पळवणाऱ्या बायकांच्या अफवा उठल्या होत्या. हे मला ठाऊक होतं, मीच ऑफिसात सगळ्यांना त्या सांगायचे. पण अशी बाई दिसते कशी याचा विचार कधी केला नव्हता. ती गॉगल लावून रिक्षात बसलेली असते.

मंजू झकास चालली होती. पाठ ताठ, दोन्ही वेण्या वाऱ्यावर, देवळापाशी हात दाखवून वळली. मी रिक्षात पुढे सरकून बसले होते, दांडा घट्ट धरून, तिचा प्रत्येक ब्रेक माझ्या पायानं दाबत. "जरा आगे... नहीं, पीछे... रुको... चलो, चलो ना!" रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत होता. नाका आला आणि त्यानं एकदम हँडल फिरवलं, रिक्षा हवालदाराच्या पुढ्यात नेऊन उभी केली, खाली उतरला आणि बाहेर पडायच्या बाजूला आडवा उभा राहिला.

"साब, ये औरत उस बच्ची का पीछा कर रही है. पूछा तो बोलती है कोई नहीं है."

हवालदारानं शिट्टी मारली. मंजू थांबली. बघता बघता माणसं जमली. केळीवाली, दूधवाला, शाळेला निघालेली पोरं. कोणीतरी म्हणालं, "धरा हिला." मी पदर मागे ओढला, गॉगल काढला, "अहो, मी तिची आई आहे!" असं ओरडले.

"आधी कोणी नाही म्हणालात, आता आई?" हवालदार मंजूकडे वळला. "बाळ, घाबरू नकोस. ह्या बाईंना ओळखतेस?"

मंजूनं माझ्याकडे नीट बघितलं. पार वरपासून खालपर्यंत. मला वाटलं, आता सायकल टाकून येईल, बिलगेल, रडेल. मी हात पुढे केलासुद्धा.

"नाही," ती म्हणाली, पायडलवर पाय ठेवला आणि गेली.

पोलीस चौकीतल्या बाकावर मी किती वेळ बसले होते कोण जाणे. समोरचा साहेब एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होता, "मुलगी तुमची, तर ती नाही का म्हणाली?" शेवटी मी बाईंचं नाव-पत्ता सांगितला. तो रिक्षावालाच गेला आणि बाईंना घेऊन आला. त्या आल्या तेव्हा हातात झाडू तसाच होता, बहुतेक ठेवायचं सुचलं नसेल.

"ओळखता का यांना?" साहेबानं विचारलं.

बाईंनी मला बघितलं, मांडीवरचा गॉगल बघितला. "ओळखते. वरच्या मजल्यावर राहते. मुलगी तिचीच आहे, आणि मुलगी शहाणी आहे." मग माझ्याकडे वळून, "काय गो बाय? साखर खाल्लंस मां काल? आणि ह्यां काय? डोळ्यांक चष्मो, डोक्यार पदर! तमाशात जावक निघालंस?"

साहेब हसायला लागला. मी रडायला लागले. रिक्षावाला ओशाळून दाराशी उभा होता. "माफ करना माँजी, मेरे को क्या मालूम..."

"माफी कशाला?" बाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बाई कोणाला सहसा हात लावत नसत. "तू होतास म्हणून बरं झालं, बाबा. रोज याच रस्त्याला असतोस ना? असाच राहा."

मग आम्ही दोघी चालत घरी निघालो. मी मान खाली घालून. जरा पुढे आल्यावर बाई म्हणाल्या, "जिन्यावर बसून विचारत होतीस ना, कोणी तिच्या मागे लागलं तर? बघितलंस आज. लागलीस तू मागे. रस्त्यानं तुला नाक्याच्या पलीकडे जाऊ दिलं नाही."

मी गॉगल पर्समध्ये कोंबला.

"मला बावीस वर्षांची होईपर्यंत भाऊ पोचवायचे," त्या पुढे म्हणाल्या, जणू दुसऱ्याच कोणाची हकीकत. "शाळेत, ट्रेनिंगला, देवळात. पहिल्या नोकरीला लागले, घाटकोपरला उतरले आणि भाऊ न्यायला आला नाही. बावीस वर्षांची घोडी. बाहेर कुठल्या बाजूनं पडायचं तेही माहीत नाही. कोणाला विचारायचं तर तोंड उघडेना, कारण कधी उघडलंच नव्हतं. बाकावर बसून रडत राहिले. चार वाजता एक भाजीवाली म्हणाली, बाय, काय झालं? तिचा हात धरून बाहेर आले. आणि दुसऱ्या दिवशी त्याच हातानं पोरांना शिकवायला उभी राहिले." त्या थांबल्या. खडा गेला असावा तसा एक बूट काढून झटकला. त्यात काही नव्हतं. "लाज वाटायची मला त्या पोरांची."

पुढे नव्वदच्या आसपास ते घर पाडलं, बाई भाचीकडे राहायला गेल्या. जाताना त्यांनी काहीच नेलं नाही म्हणतात, फक्त ती बेल खोलून नेली. भाचीच्या फ्लॅटला ती गुडघ्याशी बसवली, आणि शेजाऱ्यांना वाटलं वायरमन प्यायलेला होता. मी भेटायला जायचे तेव्हा वाकायचे, उसण भरायची, आणि आतून आवाज यायचा, "उघडंच आहे."

पण त्या सोमवारी एवढं पुढचं कुठे दिसत होतं? मी घरी आले, तोंड धुतलं, आणि सरळ ठरवून टाकलं की सायकल बंद. बाईंनी काहीही म्हणू दे. जी मुलगी आईला ओळखत नाही म्हणते, तिच्या हातात हँडल द्यायचं? रागही होता आणि रागाखाली दुसरंच काहीतरी होतं, त्याच्याकडे मी बघत नव्हते. दिवसभर घरात येरझाऱ्या घातल्या. डबे पुसले, पुसलेले डबे पुन्हा लावले. साडेपाचला घंटी वाजली. ती फाटकातून आली, लाल झालेली, घामेजलेली. खाली बाईंनी विचारलं, "आज काय चुकलं?" आणि ती म्हणाली, "नंतर सांगते, भूक लागलीय," आणि जिना चढून वर आली.

मी तिच्यासमोर पोह्यांची बशी आदळली. "काय गं? मी तुझी कोण? भर रस्त्यात, एवढ्या माणसांत, नाही म्हणालीस? मला चौकीत नेलं, माहितेय? धरून नेलं!"

"सोडलं ना पण?" ती खात म्हणाली. "मला माहीत होतं, बाई येतील."

"आणि तुला जरासुद्धा काही वाटलं नाही?"

तिचा घास हातातच राहिला. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिनं शाळेच्या बाहीला पुसलं, बाहीचं ग्रीस गालाला लागलं. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली,

"मी हो म्हटलं असतं ना आई, तर त्यांनी तुला सोडलं असतं आणि तू मला धरलं असतंस. मग माझी शाळा बुडली असती. तुझं काय गं, तू तर रजाच टाकली होतीस!"